आतलं चाक फिरतं म्हणून डिफ बदलायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिनचं स्टेज २ ट्यून (ताकद वाढवणारं सेटिंग) झालेलं आहे आणि डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठीवर ३४० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याची ताकद) दिसतो. राहायला घोडबंदर रोडला. पावसात माळशेजच्या वळणातून बाहेर पडताना, किंवा गायमुख घाटात ट्रकमागून निघण्यासाठी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की आतलं चाक जागेवर फिरतं, ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि गाडीचं तोंड बाहेर जातं. एका गॅरेजने एलएसडी, म्हणजे एका चाकाचं घसरणं आवरणारा लिमिटेड-स्लिप डिफ, टाकायला सांगितलं. दुसऱ्याने मूळ डिफच (डिफरन्शिअल, दोन चाकांत ताकद वाटून त्यांना वळणात वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) वेल्ड करून स्वस्तात देतो म्हटलं. कोणाचं ऐकायचं?

वेल्डवाल्याचं मुळीच नाही, एवढं आधी सांगून टाकतो. डिफ वेल्ड केला की दोन्ही पुढची चाकं कायम एकाच वेगाने फिरणार. स्टिअरिंगही त्याच चाकांवर, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढतानाच टायर ओरडतील आणि ड्राइव्हशाफ्टचे (चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यांचे) सीव्ही जॉइंट लवकरच कटकट वाजायला लागतील. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ड्रिफ्टच्या गाडीत हा उद्योग समजू शकतो, रोजच्या फ्रंट-व्हील-ड्राइव्हमध्ये नाही.

एलएसडीवाल्याचं चूक नाही, पण तो उत्तराच्या शेवटाकडून सुरू करतोय. तुमचा खरा प्रश्न ‘कोणता डिफ’ हा नाही, ‘आतलं चाक एवढं हलकं का पडतं’ हा आहे. त्याचं उत्तर नीट शोधलं तर निम्म्या गाड्यांना गिअरबॉक्स उघडावाच लागत नाही. उरलेल्या निम्म्यांना उघडावा लागतो, आणि तेव्हा कोणत्या ब्रँडचा डिफ घेतला यापेक्षा तो बसवला कसा याने जास्त फरक पडतो.

आधी हिशोब. साधा डिफ, म्हणजे ओपन डिफ, दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतो. लोक म्हणतात, ‘ओपन डिफ सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला देतो’. तसं नसतं. फिरणारं चाक जेवढा टॉर्क पेलतं, तेवढाच दुसऱ्याला मिळतो, त्याहून जास्त मिळू शकत नाही. समजा वळणात आतल्या चाकावर जेमतेम २२० किलो भार उरला. ओल्या डांबरावर पकडीचा गुणांक ०.६ धरा, चाकाची त्रिज्या साधारण ३१ सेंटीमीटर. ते चाक सुमारे ४०० न्यूटन-मीटर पेलेल. मग बाहेरच्यालाही ४००. एकूण ८००. इंजिनचे ३४० आणि दुसऱ्या गिअरचं फायनल ड्राइव्हसकट गुणोत्तर साधारण ८, म्हणजे तुम्ही चाकांकडे पाठवताय २७०० च्या आसपास. चाक फिरणार नाही तर काय होणार?

आता त्याच जागी हेलिकल (तिरप्या दातांच्या गिअरवर चालणारा) एलएसडी ठेवा. त्याचा टॉर्क बायस रेशो २.५ असेल, तर पकड असलेल्या चाकाला तो घसरणाऱ्याच्या अडीचपट टॉर्क देऊ शकतो. आतलं ४००, बाहेरचं १०००, एकूण १४००. बाहेरच्या चाकावर भार जास्त असतो, त्यामुळे यातला बराचसा ते पेलतं. ओढ पाऊणपट वाढली, हा फरक सीटमध्ये जाणवतो. पण १४०० म्हणजे २७०० नव्हे. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलात तर एलएसडी असूनही चाकं फिरणार. फक्त तेव्हा एक नाही, दोन्ही फिरतील. त्याचा परिणाम काय होतो ते पुढे सांगतो, कारण पावसाळ्यात तो महत्त्वाचा आहे.

याच हिशोबात दुसरा मार्गही दिसतो. आतल्या चाकावरचा भार २२० चा ३०० केला, तर ओपन डिफवरच एकूण टॉर्क ८०० वरून ११०० वर जातो. गिअरबॉक्सला हात न लावता. हा भार वाढवायचा कसा?

वळणात गाडी बाहेर झुकते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो पुढच्या आणि मागच्या धुरीत कसा वाटला जातो हे अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारा आडवा दांडा) आणि स्प्रिंग ठरवतात. पुढचा बार जाड केला की पुढचं आतलं चाक आणखी हलकं होतं. ‘बॉडी रोल कमी होतो’ म्हणून पुढे जाड बार टाकून घेतलेल्या किती गाड्यांना मग एलएसडीची गरज भासायला लागते! फ्रंट-व्हील-ड्राइव्हला उलटं हवं. मागचा बार जाड करा, पुढचा मूळचाच ठेवा. बाहेर सरकणाऱ्या भारातला जास्त वाटा मागची धुरी उचलते, वळणात मागचं आतलं चाक हलकं होतं (होऊ दे, त्याला ओढायचं काहीच नाही) आणि पुढचं आतलं चाक रस्त्यावर टिकतं. लॉराला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन आहे आणि याच पीक्यू३५ प्लॅटफॉर्मवरच्या गोल्फसाठी बनलेले मागचे बार मिळतात. काम दोन-तीन तासांचं. बारला कडकपणा बदलायची भोकं असतील तर आधी सगळ्यात मऊ भोकात लावा. ओल्यात पाय एकदम सोडल्यावर मागचा भाग किती हलतो ते बघा आणि मगच कडक करा.

त्याआधीही तीन गोष्टी तपासा, आणि त्या याच क्रमाने.

टायर. पुढच्या जोडीची खोली मोजा. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसात ३ च्या खाली गेलेल्या टायरवर डिफची चर्चा करण्यात अर्थ नाही. तारीखही बघा. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. सहा वर्षांचा कडक झालेला रबर खोली शिल्लक असूनही घसरतो.

खालचं इंजिन माउंटिंग, ज्याला डॉगबोन म्हणतात. पाय दाबल्यावर पुढून धडधडधड असा ठोका येतो का? तो व्हील हॉप. रबर मेल्यामुळे इंजिन मागेपुढे डोलतं आणि चाक पकड सोडतं-धरतं, सोडतं-धरतं. गाडी जॅकवर घेऊन पहारीने माउंटिंग हलवून बघा, रबर फाटलेलं उघड दिसेल. सोबत लोअर आर्मचा मागचा मोठा बुश बघा. ठाणे-बेलापूर रोडचे जोड आणि मुंब्रा बायपासचे खड्डे खाल्लेल्या गाडीत तो बहुतेक फाटलेलाच असतो. हा बुश ढिला असेल तर पाय दाबला की चाक पुढे सरकतं आणि टो (चाकांचं आत-बाहेर वळलेलं असणं) बदलतो. नव्या डिफने हा दोष आणखी वाढेल, कमी होणार नाही.

अलाइनमेंट. पुढे टो शून्याच्या जवळ, दोन्ही बाजूंचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) सारखा. मूळ सस्पेन्शनमध्ये कॅम्बरला फारसा वाव नसतो, पण सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) सरकवून डाव्या-उजव्यातला फरक काढता येतो. अलाइनमेंटवाला ‘कॅम्बर सेट होत नाही’ म्हणाला, तर सबफ्रेमचे बोल्ट ढिले करून बघ म्हणावं.

एवढं करून एक पावसाळी सकाळ गाडी चालवा. चाक तरीही फिरत असेल, आणि वर्षातून दोन-चारदा कारी किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जायचं डोक्यात असेल, तर डिफचा विचार करायला हरकत नाही. वापर फक्त घाटापुरता असेल तर माझं मत सरळ आहे, मागचा बार आणि चांगले टायर यांवर थांबा.

कोणता डिफ

ब्रेकवर चालणारी यंत्रणा बऱ्याच गाड्यांत मुळातच असते. घसरणाऱ्या चाकाला ती ब्रेक लावते, त्यामुळे डिफला वाटतं की त्या चाकाला पकड आहे आणि दुसऱ्याला टॉर्क मिळतो. सुटताना किंवा एखाद्या वळणात हे छान चालतं. सलग वळणांत मात्र पुढचे ब्रेक चढावरही तापतात, आणि तोच ताप तुम्हाला उतारावर भोवतो.

प्लेट एलएसडीत क्लच प्लेटांचा गठ्ठा असतो. प्रीलोड (प्लेटांवरचा आधीचा दाब) आणि प्लेटा दाबणाऱ्या रॅम्पचा कोन बदलून तो हवा तसा बांधता येतो आणि एक चाक हवेत असलं तरी काम करतो. ट्रॅकवर याला तोड नाही. पण तुमच्या गाडीत डिफ आणि गिअर एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, आणि इथेच खरी गोची होते. प्लेटांना हवं घर्षण नियंत्रित करणारं ऑइल, सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) रिंगांना हवं नेमकं वेगळं. एकाची मर्जी राखली की दुसरा रुसतो. प्लेटांचं ऑइल घातलं की गार इंजिनवर दुसरा गिअर खरखरत पडतो, सिंक्रोचं घातलं की मॉलच्या तळघरातल्या गोल रॅम्पवर पुढून कर्र-कट्ट असे आवाज येतात. शिवाय प्लेटा झिजतात, ठरावीक काळाने बॉक्स पुन्हा उतरवायचा. रोजच्या गाडीला हा छळ नको.

हेलिकल डिफमध्ये प्लेटा नसतात, तिरप्या दातांचे गिअर असतात. टॉर्क आला की ते गिअर घराच्या भिंतीवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून बायस तयार होतो. टॉर्क नसला की तो साध्या डिफसारखाच मोकळा वागतो. झीज नगण्य, आवाज नाही, गिअरबॉक्सचं नेहमीचं ऑइल चालतं. फोर्डने फोकस आरएसच्या पहिल्या पिढीत क्वाइफचा असाच डिफ दिला होता, आणि होंडाच्या टाइप आर गाड्यांतही हेलिकलच दिसतो. एक कमजोरी आहे. अडीचपट हा गुणाकार आहे, आणि शून्याचा अडीचपट शून्यच. एक चाक पूर्ण हवेत गेलं की हेलिकल जवळजवळ ओपनसारखा होतो. तेव्हा डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबला की चाकाला खोटा भार मिळतो आणि डिफ जागा होतो. गाडीची ब्रेकवाली यंत्रणा चालू असेल तर ती हे काम आपोआप करते, म्हणून हेलिकल टाकल्यावर ती बंद करू नका. वेव्हट्रॅकने हीच उणीव भरून काढायला मध्ये लाटेसारख्या कडांच्या चकत्या दिल्या आहेत. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की त्या एकमेकींवर चढून स्वतःच थोडा प्रीलोड तयार करतात.

रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक असेल तर हेलिकल घ्या, क्वाइफ किंवा वेव्हट्रॅक. दोघांतला फरक तुमच्या वापरात फारसा कळणार नाही. जो तुमच्या बॉक्सला नेमका बसतो आणि आधी मिळतो तो घ्या.

मागवण्याआधी बॉक्सचा कोड

इथे पैसे बुडतात. गाडी लॉरा आहे, इंजिन १.८ आहे, एवढ्यावर डिफ मागवू नका. फोक्सवॅगन गटात एकाच इंजिनामागे वर्ष आणि मॉडेलप्रमाणे वेगळा बॉक्स असू शकतो. ०२एस हा एमक्यू२५० घराण्यातला, ०२क्यू हा एमक्यू३५० मधला. दोघांचे डिफ एकमेकांना बसत नाहीत. डिकीत स्टेपनीच्या खळग्यातल्या स्टिकरवर इंजिन कोडशेजारी गिअरबॉक्सचा तीन अक्षरी कोड असतो. तोच बॉक्सच्या कवचावरही कोरलेला असतो. दोन्ही जुळतात का ते बघा. जुन्या गाडीत बॉक्स कधीतरी बदललेला असू शकतो, आणि मग स्टिकर खोटं बोलतं. कवचावरच्या कोडचा फोटो काढून विक्रेत्याला पाठवा, आणि ‘या कोडला बसेल’ असं लेखी घ्या.

त्या घराण्याच्या नावातला आकडाही वाचा. २५० आणि ३५० म्हणजे ढोबळमानाने तो बॉक्स किती न्यूटन-मीटरसाठी बनलाय ते. तुमचे ३४० जर एमक्यू२५० मधून जात असतील, तर आज फिरणारं आतलं चाक हा तुमच्या गिअरबॉक्सचा फ्यूज आहे. जास्तीचा टॉर्क चाक फिरण्यात वाया जातो, म्हणून दात वाचलेत. एलएसडी टाकला की पकड वाढते आणि तोच टॉर्क क्लच, गिअर आणि ड्राइव्हशाफ्टवर येतो. अशा बॉक्सवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये टॉर्क कमी ठेवणारं ट्यून करून घेणं डिफइतकंच गरजेचं आहे. ट्यूनरला हे आधी सांगा. ‘डिफ टाकलाय तर आता आणखी वाढवतो’ म्हणाला, तर दुसरा शोधा.

किमतीचं म्हणाल तर परदेशी संकेतस्थळावर दिसणारा आकडा अंतिम धरू नका. ही सात-आठ किलोची पोलादी वस्तू आहे, वाहतूक, आयात शुल्क आणि कर धरून मी नेहमी दीडपटीची तयारी ठेवायला सांगतो. त्याच पार्सलमध्ये क्राउनचे (डिफवर बसणाऱ्या मोठ्या गिअरचे) बोल्ट, डिफची दोन्ही बेअरिंग आणि दोन्ही फ्लँजचे ऑइल सील मागवा. डिफ दारात आहे आणि एका सीलसाठी गाडी तीन आठवडे लिफ्टवर, हे दृश्य नवीन नाही.

बसवताना

बॉक्स खाली येणारच आहे, तर क्लच, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील बदलायचं की नाही हे त्याच दिवशी ठरवा. ड्युअल-मास फ्लायव्हील हाताने मागेपुढे फिरवून त्यातला ढिलेपणा बघा. मजुरी एकदाच लागते.

चाकाच्या हबचा मधला बोल्ट ढिला करताना किंवा शेवटचा कसताना गाडीचं वजन त्या चाकावर नको. वजनासकट तो ढिला केला तर व्हील बेअरिंग खराब होतं आणि दोन महिन्यांनी गुणगुणायला लागतं. हा बोल्ट ताणला जाणारा आहे, नवीनच घाला. ड्राइव्हशाफ्ट आतल्या फ्लँजला बारा टोकी बिटच्या बोल्टांनी लावलेले असतात, दर बाजूला सहा. त्यांच्या डोक्यातल्या खाचेत वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि चिखल घट्ट बसलेला असतो. टोकदार सुईने तो उकरून काढा, क्लीनर मारा, बिट हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवा आणि मगच जोर लावा. घाईत अर्धवट बसलेला बिट फिरला की खाच गोल होते, आणि एका बोल्टासाठी अख्खी दुपार जाते.

बॉक्स उघडून जुना डिफ बाहेर आला की मोठा क्राउन गिअर त्याच्यावरून नव्यावर न्यायचा असतो. कित्येक बॉक्समध्ये तो रिव्हेटने जोडलेला असतो. रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवायचं आणि दांडा प्रेसवर ढकलून काढायचा. छिन्नी-हातोडी नको, क्राउनच्या भोकाच्या कडेला ओरखडा पडला की तिथूनच चीर सुरू होते. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत प्रेस असलेलं मशीन शॉप सहज मिळतं, तिथेच करून घ्या. भोकांच्या कडा साफ करा. क्राउन साधारण १०० अंशांपर्यंत ऑइलमध्ये किंवा ओव्हनमध्ये गरम केला की नव्या डिफवर अलगद उतरतो. गॅसच्या ज्योतीने तापवू नका, दातांचं पाणी उतरतं. आणि एक काडी, एक कणही दोघांच्या मध्ये अडकलेला नको. क्राउन डिफवर सपाट बसला नाही तर तो डगमगत फिरतो आणि प्रत्येक गिअरमध्ये गुंऽऽ असा आवाज येतो.

बोल्ट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत, किटसोबतच्या कागदावर लिहिलेल्या टॉर्कला. आटे आधी क्लीनरने कोरडे करा, मग लाल थ्रेडलॉकर. ऑइल लागलेल्या आट्यावर थ्रेडलॉकर धरत नाही आणि टॉर्कही चुकीचा बसतो. कसून झाल्यावर प्रत्येक बोल्टवर मार्करने रेघ मारून फोटो काढायला सांगा. गिऱ्हाइकाने मागावा असा हा एकच फोटो आहे, कारण बॉक्स बंद झाल्यावर हे कोणालाच दिसत नाही. सुटलेला एक बोल्ट कवच फोडून बाहेर येतो आणि मग डिफ, बॉक्स, सगळंच नवीन.

यानंतर बेअरिंगचा प्रीलोड. बऱ्याच ठिकाणी हाच टप्पा गाळला जातो. एखादा मेकॅनिक म्हणेल, ‘बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) सेट केला साहेब’. तो मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा शब्द आहे, जिथे क्राउन आणि पिनियन काटकोनात भेटतात. आडव्या इंजिनच्या गाडीत क्राउन साधा तिरप्या दातांचा असतो आणि दोन शाफ्टमधलं अंतर कवचानेच ठरवलेलं असतं. तिथे सेट करायची गोष्ट एकच, डिफच्या दोन टेपर बेअरिंगवरचा दाब. नव्या डिफची बेअरिंगची बैठक जुन्यापेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांनी वेगळी असू शकते. म्हणून जुनी शिम (ठरावीक जाडीची पातळ चकती) तशीच टाकून बॉक्स बंद करणं म्हणजे जुगार आहे.

पद्धत अशी. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगमागची शिम काढून किंवा मोजलेली पातळ शिम घालून डिफ कवचात ठेवायचा, कवच पूर्ण टॉर्कला कसायचं. डिफ काही फेरे फिरवून बेअरिंग बसू द्यायची. मग डायल गेज लावून डिफ वर-खाली किती हलतो ते मोजायचं. तो आकडा, अधिक आत घातलेली शिम, अधिक त्या बॉक्सच्या मॅन्युअलमध्ये दिलेला दाबाचा आकडा, एवढ्या जाडीची शिम शेवटी घालायची. समजा मोकळीक ०.६० मिमी निघाली, पातळ शिम ०.६५ ची होती आणि मॅन्युअल ०.२५ सांगतं, तर शिम १.५० ची. (हे आकडे हिशोब कळावा म्हणून, तुमच्या कोडचे मॅन्युअलमधूनच घ्या.) दाब कमी पडला तर भार आल्यावर क्राउन सरकतो, आवाज येतो आणि सील गळायला लागतं. जास्त झाला तर बेअरिंग तापून काही हजार किलोमीटरमध्ये संपतं. ‘तुमच्याकडे डायल गेज आहे का?’ एवढं विचारलं की गॅरेज निवडण्याचं काम निम्मं होतं.

काही जुन्या बॉक्समध्ये, उदाहरणार्थ ०२जे घराण्यात, स्पीडोमीटरसाठीचा प्लास्टिकचा दातेरी भाग डिफवर असतो. तो जुन्यावरून नव्यावर आणायला विसरलं की गाडी उत्तम चालते आणि काटा शून्यावर. पुन्हा बॉक्स खाली.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेलंच, साधारण दोन-सव्वादोन लिटर. दुकानदार ‘एलएसडीचं’ म्हणून ७५डब्ल्यू-९० जीएल-५ हातात ठेवेल. हेलिकलला त्याची गरज नाही आणि तुमच्या सिंक्रोना ते मानवणार नाही. पहिलं ऑइल ५०० ते १००० किलोमीटरला काढा. चुंबकाच्या टोकावर करड्या रंगाचं मऊ कीट येणं ठीक. बोटांना टोचणारे चकाकते तुकडे आले तर गाडी चालवणं थांबवा.

बसवल्यावर गाडी कशी वागेल

वळणातून बाहेर पडताना हळूहळू पाय दाबलात तर तोंड बाहेर जाण्याऐवजी आत खेचलं जाईल. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं, दुसऱ्या दिवशी सवय लागते. स्टिअरिंग मात्र आता गप्प बसणार नाही. दोन चाकांना वेगवेगळा टॉर्क मिळाला की त्यातला फरक स्टिअरिंगमध्ये उतरतो. डावं चाक ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर आणि उजवं काँक्रीटवर असताना पाय दाबला तर हाताला झटका बसेल. पाम बीच रोडवर कळणार नाही, घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर नक्की कळेल. दोन्ही पुढच्या टायरमधली हवा सारखी ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

आता मघाशी राहिलेला पावसाचा मुद्दा. ओपन डिफमध्ये आतलं चाक आधी फिरायचं, आवाज यायचा, तुम्हाला सूचना मिळायची, आणि बाहेरचं चाक तोवर गाडीला धरून असायचं. एलएसडीत दोन्ही चाकं जवळजवळ एकाच वेळी सुटतात. सूचना नाही, आणि बाजूची पकड दोन्हींची जाते. माळशेजच्या धबधब्यांचं पाणी रस्त्यावरून वाहत असतं, तिथे पूर्वी जिथे दिवा लुकलुकायचा तिथे आता गाडी सरळ कठड्याकडे निघेल. मर्यादा वर गेली आहे, पण ती ओलांडल्यावर परत यायला जागा कमी आहे. पहिला पावसाळा पाय हलका ठेवा.

पुढची जोडी नेहमी एकाच कंपनीची, एकाच नक्षीची, सारख्या झिजेची असू द्या. एक टायर फुटला म्हणून एकच नवीन टाकला तर दोन चाकांचे वेग सरळ रस्त्यावरही वेगळे राहतात आणि डिफ सतत काम करत बसतो. पुढचं चाक पंक्चर झालं आणि स्टेपनी लहान मापाची असेल, तर ती मागे लावा आणि मागचं चाक पुढे आणा. रस्त्याकडेला दोनदा जॅक लावायचा कंटाळा येतो, पण बदला.

इन्शुरन्स कंपनीला हा बदल लेखी कळवा, ट्यूनसकट. क्लेमच्या वेळी सर्वेअरला आधी कळण्यापेक्षा बरं.

आणि गॅरेजमध्ये गाडी सोडताना सांगून ठेवा की डिफ बदललेला आहे. एक पुढचं चाक जॅकवर घेऊन गिअरमध्ये इंजिन चालवून आवाज शोधायची सवय अनेकांना असते. ओपन डिफमध्ये जमिनीवरचं चाक गप्प राहतं. तुमच्या गाडीत ते ओढू शकतं आणि गाडी जॅकवरून उडी मारू शकते. ड्रायव्हरच्या दारावर आतून एक स्टिकर लावून टाका, ‘एलएसडी आहे, दोन्ही पुढची चाकं वर घ्या’.